नोकरी सोडण्याआधी, बिल पाठवण्याआधी : वाचकांचे प्रश्न

स्वतंत्रपणे काम करण्याविषयी गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपल्या लोकांना काम येतं आणि कामही मिळतं, अडतं ते कागदावर. करार नाही, बिल वेळेवर नाही, दर कशावरून ठरवला याचा हिशेब नाही. म्हणून या वेळी उत्तरं तिथेच जास्त लांबली आहेत.

प्रश्न : वय ३७. जाहिरात कंपनीत ग्राफिक डिझायनर आहे. नोकरीला चार वर्षं सात महिने झाले. बेसिक ४०,००० रुपये, नोटीस दोन महिन्यांची. बाहेरचे दोन ग्राहक तयार आहेत. या महिन्यात राजीनामा देऊ का? वडिलांना मधुमेह आहे आणि त्यांचा मेडिक्लेम माझ्या कंपनीच्या पॉलिसीत आहे. (मुलुंड)

उत्तर : राजीनामा द्या, पण तीन-साडेतीन महिने थांबून. आत्ता दिलात तर नोटीस धरून तुमची सेवा चार वर्षं नऊ महिने भरेल. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळते ती पाच वर्षांनी. हिशेब असा : शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं, भागिले २६. ४०,००० बेसिकवर पाच वर्षांचे सुमारे १,१५,३८५ रुपये होतात. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की वर्ष पूर्ण धरावं, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि काही कंपन्या तो मानतात. पण न मानणाऱ्या कंपनीशी भांडत नव्या व्यवसायाचे पहिले महिने घालवू नयेत. नोटीसचा काळ सेवेतच मोजला जातो, त्यामुळे कामाचा शेवटचा दिवस पाच वर्षं पूर्ण झाल्यानंतरचा येईल अशा बेताने पत्र द्या.

वडिलांचा मेडिक्लेम हा याहून मोठा प्रश्न आहे. नोकरी संपली की गटविम्याचं संरक्षण संपतं. त्यानंतर नव्याने पॉलिसी घेतली तर पहिले ३० दिवस अपघाताशिवाय दावा करता येत नाही, आणि मधुमेहासारख्या आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. यावर उपाय म्हणजे त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागणं. गटविम्यात काढलेली वर्षं मग त्या प्रतीक्षाकाळातून वजा होतात. हा अर्ज गटविमा चालू असतानाच करायचा असतो. राजीनामा दिल्याबरोबर एचआरकडून पॉलिसीची प्रत आणि आजवरच्या सलग संरक्षणाचं पत्र घ्या. विमा कंपनी वैद्यकीय तपासणी मागू शकते, त्याला लागणारा वेळ हाताशी ठेवा. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा भार हलका झाला आहे.

पीएफ काढून भांडवल करण्याचा मोह टाळा. सलग पाच वर्षांच्या आत काढलेली रक्कम करपात्र होते. पैसे तिथेच राहू द्या, फक्त यूएएनला (पीएफच्या कायमच्या क्रमांकाला) आधार, बँक खातं आणि वारस जोडलेले आहेत ना हे नोकरीत असतानाच पाहून घ्या. घरासाठी कर्ज घ्यायचा विचार असेल तर बँका स्वतंत्र काम करणाऱ्याकडे साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात, हेही लक्षात ठेवा. राजीनामा दिलेला असताना तो लपवून कर्ज मात्र घेऊ नका.

शेवटचं, ते दोन ग्राहक. नोकरीत असताना बाहेरचं काम न करण्याची अट नियुक्तिपत्रात असेल तर ती पाळावीच लागते. नोकरी सुटल्यावर ‘याच क्षेत्रात काम करायचं नाही’ असं बंधन भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २७मुळे सहसा टिकत नाही. पण कंपनीची गोपनीय माहिती वापरणं किंवा तिचेच ग्राहक ओढून आणणं हा वेगळा विषय आहे. ते दोघे कंपनीचे ग्राहक असतील तर आधी वकिलाला नियुक्तिपत्र दाखवा.

प्रश्न : इंग्रजी-मराठी अनुवाद करते. एजन्सी शब्दाला दीड रुपया देते. हा दर बरा की वाईट, कसं ठरवायचं? (विलेपार्ले)

उत्तर : बाजारात काय चाललंय ते नंतर बघा, आधी घरचा हिशेब मांडा. समजा घरखर्चाला महिना ५५,००० लागतात. वर्षाचे ६,६०,००० झाले. आरोग्यविमा ३५,०००. तीन वर्षं टिकणाऱ्या ७५,००० रुपयांच्या लॅपटॉपचे वर्षाला २५,०००. इंटरनेट, फोन, वीज, सॉफ्टवेअर मिळून ४८,०००. सीए आणि व्यवसाय कर १५,०००. म्हातारपणासाठी १,२०,०००, कारण आता पीएफमध्ये दुसरं कोणी भर घालणार नाही. एकूण नऊ लाखांच्या घरात गेलं.

आता दिवस मोजा. ३६५मधून शनिवार-रविवारचे १०४ गेले, सणवार-सुट्टीचे २५ गेले, आजारपणाचे १० धरले. उरले २२६. यातला साधारण एक तृतीयांश वेळ ईमेल, कोटेशन, वसुली, नमुना काम आणि काम नसलेले दिवस यांत जातो. पैसे मिळवून देणारे दिवस राहतात १५०. नऊ लाख भागिले १५० म्हणजे दिवसाला ६,००० रुपये. बहुतेक जण नोकरीतल्या पगाराला ३०ने भागून दर ठरवतात, आणि दोन वर्षांनी थकून नोकरीकडे परत येतात. चूक त्या भागाकारातच असते.

पुन्हा वाचून, तपासून दिवसाला २,००० शब्द नीट होत असतील तर तुमचा दर शब्दाला तीन रुपये निघतो. दीड रुपयात तेवढेच पैसे हवे असतील तर रोज ४,००० शब्द करावे लागतील, आणि त्यात तपासणीला वेळ उरणार नाही. दीड रुपयाचं काम घेऊच नका असं नाही. पण ते रिकामे दिवस भरण्यापुरतं घ्या आणि थेट ग्राहक शोधणं थांबवू नका.

दराबरोबर दोन अटी लिहायच्याच. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात धरलेल्या आहेत, तिसरीपासून तासावर आकार. आणि ४८ तासांच्या आत हवं असेल तर जादा आकार. यंत्राने केलेला अनुवाद ‘फक्त जरा बघून द्या’ म्हणून येतो, तो शब्दावर घेऊ नका. वाईट मसुदा दुरुस्त करायला नव्याने लिहिण्याइतकाच वेळ लागतो आणि ते मजकूर पाहिल्याशिवाय कळत नाही. अशा कामाला तासाचा दर लावा.

प्रश्न : एका मालिकेच्या २८ भागांचे संवाद लिहिले, भागाला ५,००० ठरले होते. १,४०,००० रुपये येणं आहे. सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर झालं, करार नाही. ‘९० दिवसांनी’ म्हणाले होते, आता सात महिने झाले. फोन घेत नाहीत. (गोरेगाव)

उत्तर : करार सही केलेलाच असावा लागतो असं नाही. व्हॉट्सॲपवरचं मान्य झालेलं बोलणंही पुरावा ठरतं. ते बोलणं आजच एक्सपोर्ट करून ईमेलवर ठेवा, आणि तो फोन विकू किंवा रीसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं. संवादांच्या फाइली पाठवल्याचे ईमेल, भाग प्रसारित झाल्याच्या तारखा, श्रेयनामावलीचे फोटो, आधी मिळालेल्या पैशांच्या बँकेतल्या नोंदी, सगळं एका फोल्डरमध्ये तारखेच्या क्रमाने लावा.

यानंतर आयकर पोर्टलवर जाऊन फॉर्म २६एएस आणि एआयएस (तुमच्या नावावर कापलेला कर आणि मिळकत दाखवणाऱ्या नोंदी) उघडा. हे पाऊल अनेक जण विसरतात. टीडीएस (देणाऱ्याने आधीच कापून भरायचा आयकर) कापायचा असतो तो पैसे देताना किंवा खात्यात जमा दाखवताना, जे आधी घडेल तेव्हा. त्यामुळे पैसे न देताच तुमच्या नावावर १,४०,०००ची नोंद आणि त्यावरचा टीडीएस दिसत असेल, तर त्यांनी तुमचं बिल खर्चात धरलेलं आहे. ‘काम मान्य नव्हतं’ म्हणणं मग त्यांना जड जातं. ते पान छापून ठेवा.

मग अकाउंट्स विभागाला ईमेल करा. निर्मात्याला फोन करून आता उपयोग नाही. बिल पुन्हा जोडा : क्रमांक, तारीख, तुमचा पॅन, बँक तपशील, मालिकेचं नाव, भाग क्रमांक, दर, एकूण. मजकूर तीन ओळींचा पुरे. अमुक रक्कम बाकी आहे, आपल्या वहीत हीच बाकी दिसते का ते कळवावं, आणि १५ दिवसांत रक्कम जमा करावी. ‘बाकी आहे, लवकर देतो’ एवढं लेखी उत्तर आलं तरी मोठं काम झालं. पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते आणि मुदतीच्या आत मिळालेल्या सहीच्या लेखी कबुलीपासून ती नव्याने मोजली जाते.

पंधरा दिवसांत काही हललं नाही तर वकिलाची नोटीस पाठवा. तुम्ही स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद असाल तर तिथल्या तंटा निवारण समितीकडे तक्रार करा. थकलेलं मानधन आणि श्रेय हे दोन्ही तिच्या कामाचे विषय आहेत. सभासद नसाल तर पुढच्या कामाआधी व्हा आणि पटकथा-संवाद निर्मात्याला पाठवण्यापूर्वी तिथे ऑनलाइन नोंदवत जा.

यापुढच्या कामांसाठी उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी करा. आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची आहेत. सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदता येते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा एमएसएमईडी कायदा, २००६ सांगतो की लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत आणि ठरलेली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत. म्हणजे ‘९० दिवस’ करारात लिहून घेतले तरी कायद्यापुढे ते ४५च. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं आणि याच कायद्याखाली थकबाकीचे तंटे सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. शिवाय मुदत उलटूनही वर्षअखेरपर्यंत न दिलेली रक्कम देणाऱ्या कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतःहून उद्यम क्रमांक विचारू लागले आहेत. मात्र नोंदणी कामाच्या आधीची हवी. आज नोंदणी करून जुन्या २८ भागांना हा कायदा लावता येईल, या भरवशावर राहू नका. यापुढच्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा, २५ टक्के ॲडव्हान्स घ्या, आणि दहा भागांचे पैसे थकले की अकरावा भाग पाठवू नका. मालिका रोज चालते, तुमचा जोर तेवढ्याच काळात असतो.

प्रश्न : सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. वर्षाला १४ लाखांचं काम होतं, दोन ग्राहक बंगळुरूचे, एक जर्मनीचा. एक जण म्हणतो दुसऱ्या राज्यात काम केलं की जीएसटी लागतोच, दुसरा म्हणतो काहीच भरायचं नाही. (दादर)

उत्तर : दोघांचंही अर्धवट आहे. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. ही सवलत परराज्यातल्या सेवांनाही २०१७पासून आहे. या २० लाखांत जर्मनीचं काम धरायचं, आणि घरभाड्यासारखं जीएसटी न लागणारं येणंही. पुढे नोंदणी झालीच तर परदेशी कामावर कर शून्य राहतो, पण त्यासाठी दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरावं लागतं आणि परकीय चलन आल्याचं बँकेचं प्रमाणपत्र जपावं लागतं. एलयूटी भरायचं राहिलं की १८ टक्के आधी भरा आणि परतावा मागत बसा, असं होतं.

व्यवसाय कराची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात तो स्वतंत्र व्यावसायिकाला वर्षाला २,५०० रुपये आहे. महाजीएसटीच्या पोर्टलवर पीटीईसी नोंदणी करायची आणि ३० जूनपर्यंत भरायचा. नोकरीत असताना तो पगारातून कापला जायचा, म्हणून सोडल्यावर लक्षात राहत नाही. मग काही वर्षांनी दंडासह नोटीस येते.

बंगळुरूच्या कंपन्या सहसा १० टक्के टीडीएस कापतील, एका कंपनीकडून वर्षाला ५०,०००च्या वर गेल्यावर. पॅन दिला नाही तर २० टक्के. तुमचा व्यवसाय कलम ४४एडीएच्या यादीत बसतो (नव्या आयकर कायद्यात क्रमांक वेगळा आहे, सीए मंडळी अजून याच नावाने ओळखतात). ५० लाखांपर्यंत, आणि रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. १४ लाखांचे सात लाख. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सवलतीत हे बसतं आणि कापलेला टीडीएस परत मिळतो. कर लागत असेल तर या पद्धतीत सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा असतो. परदेशी कंपनीचे शेअर जवळ असतील तर विवरणपत्राचा सोपा फॉर्म, आयटीआर-४, चालत नाही.

इतर वाचकांसाठी : डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, चित्रपटांचे कॅमेरामन, संकलक, गीतकार, संवादलेखक या यादीत आहेत. अनुवादक नाहीत. त्यांनी ‘सगळेच करतात’ म्हणून निम्मं उत्पन्न दाखवू नये. प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्या ठेवाव्यात आणि सीएशी बोलावं.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी ३०,००० रुपयांत एका प्रकाशनासाठी पुस्तकाचा अनुवाद केला. करार नव्हता. आता त्याचं ऑडिओबुक आलंय, मला विचारलंही नाही. (गिरगाव)

उत्तर : तुम्ही त्यांचे पगारी नोकर नव्हता, त्यामुळे कॉपीराइट कायदा, १९५७प्रमाणे अनुवादाचे पहिले हक्कदार तुम्हीच. मूळ पुस्तकाचे हक्क मूळ लेखकाकडे, अनुवादाचे तुमच्याकडे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सही केलेला कागद लागतो. ३०,००० रुपयांची पावती म्हणजे तसा कागद नव्हे. छापील पुस्तकासाठी परवानगी गृहीत होती असं ते म्हणू शकतील, ऑडिओसाठी ते म्हणणं अवघड आहे. प्रकाशकाला पत्र लिहून ऑडिओचं वेगळं मानधन आणि अनुवादक म्हणून नाव मागा. नावाचा हक्क तर हक्क विकल्यावरही उरतो, तो कलम ५७चा.

पुढच्या करारात माध्यम, मुदत आणि प्रदेश लिहून घ्या. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमचे’ असे शब्द असतील तर हे संरक्षण जातं, म्हणून ते शब्द दिसले की दर वाढवा किंवा खोडा. मजकूर एआय प्रणालीच्या प्रशिक्षणाला वापरायचा असल्यास वेगळी लेखी परवानगी, हेही कलम आता घालायला हवं. छायाचित्रकारांनी मात्र सावध राहावं. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, उलट काही ठरलं नसेल तर, पैसे देणारा असतो.

प्रश्न : मुलगा पदवीनंतर ॲपवर डिलिव्हरी करतो. त्याच्यासाठी काय करून ठेवू? (घाटकोपर)

उत्तर : बाइकची पॉलिसी काढून ‘वापराच्या मर्यादा’ हा परिच्छेद वाचा, आजच. खासगी बाइकच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मालवाहतुकीसाठी वापर सहसा वगळलेला असतो, आणि अपघातानंतर विमा कंपनी तेच कारण दाखवते. एजंटकडून व्यावसायिक वापराचं संरक्षण मागा. ॲपकंपनीचा अपघात विमा किती रकमेचा आहे आणि लॉगइन नसताना चालतो का, हे लेखी घ्या. मुलाची ई-श्रम या सरकारी पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंदणी करा. सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपकंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम अशा कामगारांच्या निधीत द्यायची तरतूद आहे, पुढचे लाभ नोंदणी असलेल्यांनाच मिळतील. आणि रोजच्या कमाईतून पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग वजा करून उरणारा आकडा त्याला एक महिना वहीत लिहायला लावा.

प्रश्न : वय ४६. छापखान्यात उत्पादन विभागात २१ वर्षं. छापखाना बंद होतोय. मुलगी म्हणते डिजिटल मार्केटिंगचा ६०,००० रुपयांचा कोर्स करा. (विक्रोळी)

उत्तर : आधी मालकाकडचा हिशेब. ग्रॅच्युइटी आणि, तुम्ही कायद्याने ‘कामगार’ या व्याख्येत येत असाल तर, बंदची भरपाई अशा दोन वेगळ्या रकमा आहेत. भरपाई पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते. दोन्हींची आकडेमोड हातात आल्याशिवाय ‘फुल अँड फायनल’च्या (सगळे पैसे मिळाले अशा) कागदावर सही करू नका.

कोर्स नको. तिथे तुम्ही बावीस वर्षांच्या मुलांच्या शेजारी पहिल्या पायरीवर उभे राहाल, आणि तुमची २१ वर्षं वाया जातील. स्वतःचं पुस्तक छापून घेणारे लेखक, छोटे प्रकाशक, शाळा, दिवाळी अंकवाले यांना छपाईतलं काही कळत नाही आणि ते कोटेशनमध्ये फसतात. १६० पानांचं डेमी पुस्तक, हजार प्रती. २३ बाय ३६ इंचांच्या कागदातून ३२ पानं निघतात, म्हणजे प्रतीला पाच शीट, हजाराला ५,०००, म्हणजे दहा रीम (रीम ५०० शीटचं), वर वाया जाणाऱ्याचे पाच टक्के. हे तुम्ही उभ्याउभ्या सांगाल. त्या लेखकाला मात्र बारा रीमचं बिल आलं तरी कळणार नाही. तुम्ही विकायचं ते हे ज्ञान.

सेवा तीन तुकड्यांत मांडा : कागद आणि छपाईचं अंदाजपत्रक, फाइल आणि प्रूफ तपासणी (ब्लीड म्हणजे कापताना जाणारी जादा कड, फाँट, फोटोंचं रिझोल्यूशन, काळा मजकूर चार रंगांत तर गेला नाही ना), आणि मशीनवर उभं राहून छापून आलेला पहिला फॉर्म (मोठी शीट) पास करणं. प्रत्येकाचा ठरावीक दर छापील पानावर लिहा. छापखान्याकडून कमिशन घ्यायचं असेल तर ग्राहकाला आधी सांगा, नाहीतर कोणाकडूनही घेऊ नका. या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. पहिली तीन कामं ओळखीतली घ्या, कमी दराने घेतलीत तरी बिल पूर्ण दराचं करून सूट वेगळी दाखवा, म्हणजे चौथ्या ग्राहकाला खरा दर सांगता येईल. शिकायचंच असेल तर पीडीएफ प्रीफ्लाइट (छपाईआधीची फाइल तपासणी) आणि एक्सेल पक्कं करा. त्याला ६०,००० लागत नाहीत.